शाई संपली, कार्ट्रिज नाही

प्रिंटर विकत घेताना आपण चार दुकानं फिरतो, दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. कार्ट्रिज घेताना मात्र दुकानदार सांगेल तो आकडा मुकाट्याने मोजतो. यंत्र घरात येऊन बसलेलं असतं, उद्या सकाळी मुलीला शाळेत प्रकल्पाची पानं द्यायची असतात आणि कागदावर अक्षरं फिकट उमटू लागलेली असतात. अशा वेळी घासाघीस कोण करणार?

गेली काही वर्षं मी घरच्या इंकजेट प्रिंटरची कार्ट्रिज घरीच भरतो आहे. त्यात किती पैसे वाचतात, आत नेमकं काय घडतं आणि कुठे चुकतं, हे इथे नीट मांडतो. कारण हे काम कठीण नाही, पण ते समजून न घेता केलं तर हात काळे होतात आणि कार्ट्रिजही जातं.

आधी हिशेब

समजा, काळ्या शाईचं लहान कार्ट्रिज ८०० रुपयांना मिळतं, त्यात ५ मिलिलिटर शाई आहे आणि तिच्यातून मजकुराची २०० पानं निघतात. ५ मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचा. शाई पडली १६० रुपये मिलिलिटर, लिटरला १ लाख ६० हजार. पान पडलं ४ रुपयांना, कागद वेगळा.

आता १०० मिलिलिटरची रिफिल शाई २५० रुपयांना आणली असं धरू. एकदा भरायला ५ मिलिलिटर, म्हणजे साडेबारा रुपये. सांडलवंड, टिश्यू पेपर, सिरिंज धरून २० रुपये म्हणू. तेच कार्ट्रिज चार वेळा भरलं, तर ८०० अधिक ८० अशा ८८० रुपयांत १००० पानं निघाली. दर वेळी नवं घेत गेलो असतो तर पाच कार्ट्रिजचे ४००० रुपये झाले असते. हजार पानांमागे ३१२० रुपये वाचले. तुमच्या कार्ट्रिजची किंमत आणि पानांचा आकडा घालून हाच हिशेब करून पाहा. फक्त एक लक्षात ठेवा. कंपन्या सांगतात तो पानांचा आकडा ठरावीक चाचणी-पानांवर मोजलेला असतो. पानभर फोटो छापले तर शाई कितीतरी लवकर उडते.

एवढ्याशा शाईला इतका भाव का? यंत्र स्वस्तात द्यायचं आणि त्याला लागणाऱ्या मालावर कमवायचं, हा धंद्याचा जुना मार्ग आहे. पण दुसरंही एक कारण आहे, आणि ते समजलं की घरी भरण्यात अर्थ का आहे तेही कळतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सिरिंजपासून सुरुवात

१९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो नावाचे संशोधक काम करत होते. टेबलावर शाई भरलेली एक सिरिंज होती. तिच्या सुईला तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून टेकली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने आतल्या शाईचा बुडबुडा झाला होता आणि त्याने पुढची शाई बाहेर ढकलली होती. कॅननने याच तत्त्वावर आपला 'बबल जेट' उभा केला. त्याच सुमारास अमेरिकेत एचपीचे संशोधकही स्वतंत्रपणे याच वाटेवर होते. १९८४ मध्ये एचपीने 'थिंकजेट' बाजारात आणला.

आज तुमच्या प्रिंटरमध्ये हेच घडतं, फक्त अतिशय सूक्ष्म प्रमाणावर. कार्ट्रिजच्या तळाशी केसाहूनही बारीक छिद्रं असतात, त्यांना नोजल म्हणतात. प्रत्येक छिद्रामागे एक इवलासा तापक असतो. तो काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि एक थेंब कागदावर फेकला जातो. बुडबुडा विरतो, रिकाम्या जागी मागची शाई ओढली जाते आणि पुन्हा तेच. सेकंदाला हजारो वेळा. थेंब इतका लहान की तो पिकोलिटरमध्ये मोजतात. एका लिटरचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख, म्हणजे एक पिकोलिटर.

छिद्रं आणि तापक असलेला हा भाग म्हणजे प्रिंट हेड. एचपी आणि कॅननच्या बहुतेक स्वस्त घरगुती प्रिंटरमध्ये तो कार्ट्रिजलाच जोडलेला असतो. तळाशी चकचकीत पट्टी आणि पाठीमागे तांब्याच्या रंगाचे ठिपके दिसले, तर तुमचं कार्ट्रिज याच जातीचं आहे. त्यामुळे नवं कार्ट्रिज घेताना आपण शाईबरोबर दर वेळी एक नवं कोरं हेडही विकत घेतो. शाई संपते तेव्हा हे हेड बहुधा धडधाकट असतं. ते आपण कचऱ्यात टाकतो. घरी भरण्याने होणारी बचत मुख्यतः या फेकल्या जाणाऱ्या हेडची आहे.

एप्सनची रीत वेगळी आहे. तिथे उष्णता नसते. विजेचा दाब दिला की आकार बदलणारा पिझो घटक शाईला ढकलतो, आणि हेड प्रिंटरमध्येच कायमचं बसवलेलं असतं. तिथे चुकीच्या शाईने हेड तुंबलं तर थेट यंत्रावर येतं. म्हणून इथून पुढे मी सांगतो ते हेडसकट येणाऱ्या कार्ट्रिजबद्दल आहे.

आत स्पंज असतो

कार्ट्रिज म्हणजे शाईची डबी, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आत दाट स्पंज असतो आणि शाई त्यात मुरलेली असते. तळाला छिद्रं असूनही शाई गळत नाही ती या स्पंजमुळे. तो शाईला वर धरून ठेवतो आणि छिद्रांशी किंचित उलटा ओढा कायम ठेवतो. तापकाने ढकललं की थेंब पडतो, एरवी नाही.

इथूनच भरण्याचे दोन नियम निघतात. पहिला, स्पंज गच्च भरायचा नाही. मावेल त्याहून जास्त शाई घातली की स्पंजाची पकड सुटते आणि शाई छिद्रांतून टपकत राहते. दुसरा, स्पंज कोरडा पडू द्यायचा नाही. कोरड्या स्पंजात हवा अडकते, मग वरून शाई घातली तरी ती खालपर्यंत पोहोचत नाही. शिवाय हेडला थंड ठेवण्याचं कामही शाईच करते. शाई नसताना छापत राहिलं तर तापक जळतात आणि जळलेलं हेड कशानेही परत येत नाही. म्हणून अक्षरं फिकी पडू लागली, मधे पांढऱ्या रेघा आल्या, की त्याच क्षणी छपाई थांबवावी. 'आणखी दोन पानं निघतील' हा मोह सर्वांत महाग पडतो.

कार्ट्रिजच्या झाकणावर लेबलखाली नागमोडी बारीक खाचा दिसतात. त्या हवेच्या वाटा आहेत. गोडेतेलाच्या डब्याला दोन भोकं पाडली नाहीत तर तेल गचके देत येतं, तसंच इथेही. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. या खाचा चिकटपट्टीने बुजवल्या की पहिली दहा पानं उत्तम येतात आणि अकरावं कोरं.

शाई कोणती घ्यावी

आमच्या पिढीने शाळेत ड्रॉपरने पेनात शाई भरली आहे. कॅमलिनची सुरुवातच १९३१ साली मुंबईत शाईच्या भुकटीपासून आणि वड्यांपासून झाली. त्यामुळे घरातली पेनाची शाई प्रिंटरला का चालू नये, असा प्रश्न अनेकजण विचारतात. ती वापरू नका. निबेच्या फटीला थोडा साका चालतो, केसाहून बारीक छिद्राला चालत नाही. प्रिंटरच्या शाईत बरंचसं पाणी असतं, त्यात रंग, शाई लवकर वाळू नये म्हणून ग्लायकॉलसारखी द्रव्यं आणि थेंब नीट सुटावा म्हणून आणखी काही घटक मोजून घातलेले असतात. तिचा दाटपणा तापकाच्या हिशेबाने ठरवलेला असतो.

प्रिंटरच्या शाईतही दोन जाती आहेत. 'डाय' शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदात मुरते, रंग तजेलदार दिसतात, पण पाण्याचा थेंब पडला की फुटते. 'पिगमेंट' शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ते कागदाच्या वर बसतात, अक्षर काळंभोर येतं आणि पाण्याला बऱ्यापैकी टिकतं. अनेक प्रिंटरमध्ये काळं कार्ट्रिज पिगमेंटचं आणि रंगीत डायचं असतं. तुमचं कोणतं, हे घरीच कळतं. मूळ शाईने छापलेल्या ओळीवर पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने टिपून घ्या. ओळ पसरली तर डाय, जागेवर राहिली तर पिगमेंट. तीच जात पुन्हा भरा. दोन्ही जाती एका स्पंजात एकत्र आल्या तर गुठळ्या होऊन नोजल तुंबू शकतात. बाटलीवर तुमच्या कार्ट्रिजचा क्रमांक छापलेला असला पाहिजे. 'सगळ्या प्रिंटरना चालते' असं लिहिलेली बाटली मी घेत नाही.

प्रत्यक्ष भरताना

टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांची जाड थप्पी अंथरा. हातमोजे घाला. प्रत्येक रंगाला वेगळी ५ मिलिलिटरची सिरिंज, टिश्यू पेपर, टूथपिक आणि डिस्टिल्ड वॉटर जवळ घ्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार छिद्रांत बसतात. लहान मुलं झोपल्यावर हे काम करा, कारण सुई शेवटी सुईच असते.

लेबल एका कोपऱ्यातून हळू सोलून बाजूला ठेवा, ते परत लावायचं आहे. खाली भोक दिसेल. काही कार्ट्रिजना ते तयार नसतं, हाताने बारीक ड्रिल फिरवून पाडावं लागतं. रंगीत कार्ट्रिजला तीन भोकं असतात: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा आणि पिवळा. कोणतं कुठे, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. म्हणून प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक घालून बाहेर काढा, टिश्यूवर टेकवा आणि आलेला रंग कागदावर लिहून ठेवा. पहिल्याच वेळी मी ही पायरी गाळली होती. पिवळ्याच्या भोकात सायन गेला आणि पुढचे कित्येक दिवस मुलीच्या चित्रातला सूर्य हिरवा येत राहिला. ते कार्ट्रिज अखेर टाकून द्यावं लागलं.

सिरिंजमध्ये शाई ओढा, सुई वर धरून हवेचा बुडबुडा काढून टाका. सुई सरळ खाली, स्पंजाच्या मध्यापर्यंत न्या. आता दट्ट्या इतका हळू दाबा की १ मिलिलिटर शाई जायला मिनिटभर लागेल. घाई केली तर शाई स्पंजात पसरण्याऐवजी त्यात हवेची पोकळी करून बसते. कार्ट्रिजच्या क्षमतेपेक्षा थोडी कमीच भरा, कारण तळाशी जुनी शाई उरलेली असतेच. भोकाशी शाई चमकताना दिसली की थांबा आणि थोडी परत ओढून घ्या.

पुढची दोन मिनिटं मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतात. टिश्यूची जाड घडी डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर करायची आणि कार्ट्रिज नोजल खाली करून तिच्यावर अलगद टेकवायचं. घासायचं नाही. उचलल्यावर काळ्याची एक सलग, ठसठशीत पट्टी उमटली पाहिजे. रंगीत कार्ट्रिजच्या तीन वेगळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. पट्टी तुटक आली तर घडी कोमट पाण्याने ओली करून मिनिटभर टेकवून ठेवा, वाळलेली शाई सैल होते. पट्ट्या एकमेकींत मिसळल्या तर शाई जास्त झाली आहे, टिश्यूला थोडी शोषू द्या. तांब्याच्या ठिपक्यांना मात्र शाई किंवा बोट लागू देऊ नका. लागलंच तर ओलसर कापडाने टिपून पूर्ण वाळू द्या.

लेबल परत लावा, हवेच्या खाचा मोकळ्या आहेत ना ते पाहा आणि कार्ट्रिज बसवा. नोजल तपासणीचं पान छापा. गरज वाटली तरच सफाईची आज्ञा द्या, तीही एक-दोनदा. प्रत्येक सफाईत प्रिंटर शाई ओतून टाकतो आणि भरलेली शाई कागदाऐवजी त्याच्या पोटातल्या शोषक गादीत जाते. काम झालं की सुई टोपण लावून जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, उघडी कचऱ्यात नको.

प्रिंटर म्हणतो, शाई नाही

भरलेलं कार्ट्रिज लावल्यावर पडद्यावर बहुधा 'शाई संपली' असाच संदेश येतो आणि इथे अनेकजण हात टेकतात. या कार्ट्रिजमध्ये शाई मोजणारं काही नसतं. आतापर्यंत किती थेंब उडवले याची नोंद ठेवून प्रिंटर अंदाज बांधतो. तुम्ही वरून शाई घातली हे त्याला कळत नाही. एचपीमध्ये 'वापरलेलं कार्ट्रिज' अशा अर्थाचा संदेश आला तर 'ओके' म्हणून पुढे जाता येतं. कॅननच्या अनेक मॉडेलवर 'स्टॉप'चं बटण किमान पाच सेकंद दाबून धरलं की शाईची मोजणी बंद होते. त्यानंतर पातळी कळणार नाही, म्हणून भरल्याची तारीख आणि पानांचा अंदाज प्रिंटरजवळ लिहून ठेवावा. नेहमीच्या पानांपैकी तीन-चतुर्थांश झाली की भरण्याची वेळ आली.

कार्ट्रिजची ओळख पटवणाऱ्या चिपवरून मोठे वादही झाले आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरनी परक्या चिपची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली. ग्राहक संतापले आणि कंपनीला ती अट काढणारं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये याच प्रकारासाठी एचपीला १ कोटी युरोंचा दंड ठोठावला. घरी भरलेल्या मूळ कार्ट्रिजची चिप कंपनीचीच असते, म्हणून ही अडचण सहसा येत नाही.

रिकामं कार्ट्रिज भरून विकता येतं का, याला न्यायालयांनी मात्र एकच उत्तर दिलेलं नाही. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कॅननची रिकामी कार्ट्रिज भरून विकणाऱ्या कंपनीविरुद्ध, पेटंटच्या मुद्द्यावर, कॅननच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात उलट सांगितलं: वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. हे दोन्ही खटले भरून विकणाऱ्या व्यापाऱ्यांचे होते. आपण आपल्या घरातलं, आपण पैसे मोजून घेतलेलं कार्ट्रिज आपल्यापुरतं भरतो.

कंपन्याही यातून काही शिकल्या. इंडोनेशियात लोक प्रिंटरच्या बाहेर शाईच्या बाटल्या ठेवून नळ्यांनी त्या आत जोडत होते. एप्सनने २०१० मध्ये तिथेच मोठ्या टाकीचा प्रिंटर विक्रीला आणला. आज जो 'इंक टँक' प्रिंटर घरोघरी दिसतो, त्याची सुरुवात तिथली. एप्सनच्या अशा जुन्या मॉडेलच्या ७० मिलिलिटर काळ्या शाईच्या बाटलीत कंपनीच्या आकड्यानुसार ४००० पानं निघतात. शाई स्वस्त देता येते, हे कंपनीनेच दाखवून दिलं.

कोणी भरावी, कोणी भरू नये

महिन्याला दहा पानं लागत असतील तर इंकजेटच नको. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणणं स्वस्त पडतं, कारण न वापरलेली शाई नोजलमध्ये वाळते. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात तर हे फार लवकर होतं. महिन्याला कित्येक शे पानं छापणाऱ्या शिकवणीवाल्यांनी आणि सेवा केंद्रांनी सरळ टाकीचा प्रिंटर घ्यावा. वर्षानुवर्षं टिकवायचे फोटो मूळ शाईनेच छापावेत. प्रिंटर वॉरंटीत असेल तर हेही लक्षात घ्या: भरलेल्या शाईने बिघाड झाला असं ठरलं, तर त्याची दुरुस्ती कंपनी फुकट करणार नाही.

उरले ते आपल्यासारखे. कार्ट्रिजचा प्रिंटर आधीच घरात आहे, मुलांचे प्रकल्प, सातबारा, अर्ज, तिकिटं अशी महिन्याला पन्नास-शंभर पानं निघतात, त्यांनी जरूर भरावी. मी एक कार्ट्रिज साधारण चार-पाच वेळा भरतो. मग पट्ट्या तुटक येऊ लागतात आणि सफाईनेही सुधारत नाहीत. हेड खरोखर थकल्याची ही खूण, तेव्हा नवं घ्यायचं. थकलेलं कार्ट्रिज घंटागाडीत टाकू नका. देशाच्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे, ते ई-कचरा संकलनातच द्यावं.

आठवड्यातून एकदा तरी रंगीत ओळी असलेलं एक पान पाठकोऱ्या कागदावर छापा, म्हणजे छिद्रं ओली राहतील. आणि पुढच्या वेळी अक्षरं फिकी पडली की दुकान गाठण्याआधी कार्ट्रिज हातात घेऊन उलटं करून पाहा. तळाशी चकचकीत पट्टी असेल, तर ज्या हेडचे तुम्ही पैसे मोजले आहेत ते अजून काम करायला तयार आहे. त्याला फक्त चमचाभर शाई हवी आहे.